खालून कापली तरी चालेल अशी यादी

जगातली कोणतीही गोष्ट वापरायला सोपी करता येते असं मानणारी माणसं पुष्कळ असतात. पण सोपी करता करता ती कोणालाच वापरता येणार नाही इथवर नेऊन ठेवण्याची चिकाटी मी एकाच माणसात पाहिली. ते आमचे घरमालक. जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला त्यांचं दोन मजली घर होतं. वर ते आणि त्यांच्या पत्नी राहायच्या, खालच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू. कृषी खात्यात सगळी नोकरी, त्यातली बरीचशी धुळे जिल्ह्यात, करून ते निवृत्त झाले होते. मूळ गाव मुक्ताईनगरच्या बाजूला, तिथली शेती धाकटा भाऊ पाहायचा. गावात आणि गल्लीत त्यांना सगळे नाना म्हणायचे, त्यांच्या पत्नीला अक्का. मी शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो, म्हणून मला ते पत्रकार म्हणायचे. उपसंपादक हा पत्रकार नसतो, दुसऱ्याने लिहिलेलं कापणारा असतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. पुढे ते त्यांना माझ्या सांगण्याशिवायच कळलं.

मी खोली पाहायला गेलो तेव्हा नळाला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला होता: 'डावीकडे फिरवल्यास पाणी येते. (असल्यास.)' भिंतीवरच्या बोर्डाला सहा बटणं आणि प्रत्येकाखाली एकेक चिठ्ठी. पाच चिठ्ठ्यांवर दिवे आणि पंखे होते, सहाव्या चिठ्ठीवर 'याने काही होत नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते बटण दाबून पाहिलं. खरंच काही झालं नाही. "सगळे भाडेकरू तेच आधी दाबतात," नाना समाधानाने म्हणाले. वापरणाऱ्याचा स्वभाव आपण ओळखला आहे, अशी त्यांची तेव्हा खात्री होती.

या खात्रीचे पहिले बळी अक्का होत्या. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात नानांनी स्वयंपाकघर हाती घेतलं आणि फडताळातले डबे किती वेळा उघडावे लागतात त्या क्रमाने लावले. साखर आणि मीठ सारख्याच वेळा लागतात असं नोंदीतून निघाल्यामुळे ते शेजारी आले, आणि दिसायला बरं म्हणून सारख्या डब्यांत आले. त्या आठवड्यात मुलीच्या सासरची माणसं धुळ्याहून आली होती. व्याह्यांनी मिठाचा चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. धुळ्याची माणसं सोयऱ्यांच्या घरी फार सोसतात. अक्कांनी दुसऱ्या दिवशी सगळे डबे जुन्या जागी ठेवले. मला म्हणाल्या, "यांनी काही सोपं केलं ना, की मला दोन दिवस स्वयंपाकच येत नाही."

घर सोपं करून झाल्यावर नाना कीटकनाशकांकडे वळले. तिथे त्यांचा पहिला आक्षेप नावालाच होता. खानदेशात फवाऱ्याच्या बाटलीला सगळे औषध म्हणतात. नाना ऐकलं की जागच्या जागी दुरुस्ती करायचे. "औषध माणूस बरं व्हायला घेतो. हे विष आहे. विष म्हणा." बाजारातल्या एका दुकानात त्यांनी गिऱ्हाइकांसमोर हे तीनदा सांगितलं तेव्हा दुकानदार काउंटरवरून वाकून हळूच म्हणाला, "नाना, गिऱ्हाईक माझ्याकडे विष मागायला लागलं तर आधी पोलीस येतील." नाना म्हणाले, "येऊ देत. त्यांनाही समजावतो." बोरं विकणाऱ्या बाईची टोपली ते उंबऱ्यावर थांबवायचे आणि विचारायचे, "यावर काय मारलंय?" बाई म्हणायची, "मारू कायले नाना? बोरं हायेत का चोर?" गल्ली हसायची. नाना मात्र झाडाचा मालक कोण, फवारा कधी झाला, पाऊस कधी पडला हे वहीत लिहून घेत आणि मग बोरं घेत नसत. बाईने पुढे रस्ता बदलला.

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरताच्या पार्ट्या होतात. वाळलेल्या काटक्यांवर वांगी भाजायची, बडग्याने ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर माणसाने आडवं होईपर्यंत खायची, असा तो सोपा कार्यक्रम असतो. वृत्तपत्रातल्या आम्हा चौघांना एकाने शेतावर बोलावलं होतं. नानांनाही घेऊन जाण्याची कल्पना माझी. वांगी भाजली जात असताना त्यांनी यजमानाला विचारलं, "शेवटचा फवारा कधीचा?" यजमान म्हणाला, "काल." मग नानांनी कीड, पान, फळ, माणसाचं यकृत या क्रमाने वीस मिनिटं सांगितलं. सगळ्यांनी फार गंभीरपणे ऐकलं आणि त्याच गंभीरपणे भरीत खाल्लं. नानांनी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा घेतला. दोन घास गेल्यावर त्यांना आठवलं की वांग्यापेक्षा मिरचीवर जास्त मारतात. तिसरा घास त्यांनी कोरडा खाल्ला.

हसायला हे सगळं ठीक होतं. पण या खटाटोपामागे एक माणूस होता आणि नाना त्याच्याविषयी घरात फार बोलत नसत. तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ सुकदेव. काही वर्षांपूर्वी कापसावर फवारा मारताना सुकदेव शेतात बेशुद्ध पडला होता. वाचला, पण तेव्हापासून त्याचा उजवा हात थरथरायचा. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा. तरीही दर हंगामात तो तीच उग्र वासाची बाटली आणायचा. नाना त्याला वर्षातून चारदा सांगायचे की दुसरी आण, कमी विषारी. सुकदेव ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "नाना, तुम्हीच तं शिकवलं व्हतं हे मारायले. आता तुम्हीच नाई म्हनता. कोनत्या नानाचं ऐकू?"

वासाची गोष्ट एकट्या सुकदेवची नव्हती. नाना धुळ्याकडे असताना साक्रीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी बिनवासाचं, सौम्य द्रावण फुकट देऊन पाहिलं होतं. आठ दिवसांनी म्हातारा बाटली जशीच्या तशी परत घेऊन आला. "साहेब, वास नही ते दवाई कसानी शे?" नानांनी विचारलं, मग मागच्या वर्षीच्या दवाईचं काय झालं? "ती दवाई एक नंबर व्हती. बठ्ठा किडा मरी ग्यात. दोन बकऱ्या बी मरी ग्यात." बकऱ्या मेल्याचं दुःख त्याला होतंच, पण सगळे किडे मारणाऱ्या दवाईच्या गुणाचा पुरावा म्हणून त्या त्याला मोलाच्या वाटत होत्या. नाना ही गोष्ट सांगताना कधी हसले नाहीत.

शेतकऱ्याला बाजारातली सगळी विषं एका जागी दिसली, त्यांचा धोका दिसला, तर तो आपणहून कमी धोक्याचं निवडेल, असा नानांचा सिद्धांत होता. त्यासाठी आधी पुठ्ठ्याची कार्डं झाली. प्रत्येक विषाला एक कार्ड, पीक आणि कीड यांप्रमाणे चपलांच्या खोक्यांत लावलेली. अशी एकवीस खोकी त्यांच्या पलंगाखाली होती. एका पावसाळ्यात उंदरांनी ती खाल्ली. सुरुवात त्यांनी उंदीरनाशकांच्या खोक्यापासून केली. नानांच्या मते हा योगायोग नव्हता.

मग संगणक आला. नव्वदच्या आसपासचा काळ. शहरातल्या एका डाळ मिलच्या कचेरीने नवा घेतला आणि जुना काढून टाकला, तो नानांनी हातगाडीवरून घरी आणला. त्याआधी बसस्टँडजवळच्या एका क्लासमध्ये ते तीन महिने कॉलेजच्या पोरांबरोबर बसले होते. शिकवणारा मुलगा त्यांना घाबरायचा, कारण ते प्रत्येक तासाला विचारायचे, "हे ज्याला येत नाही त्याने काय करायचं?" संगणकाला घरात देवघराशेजारची जागा मिळाली. अक्कांनी त्याला जुन्या पडद्याचं झाकण शिवलं. आत जायचं तर चपला बाहेर, पाय धुऊन. दुपारी तीन तास वीज जायची. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून जिल्हाभर दिसेल असा धूर निघत असताना वीज तेवढी दुसरीकडे जाते, या विषयावर नाना रोज बरोबर तीन तास बोलू शकत.

डेटाबेस म्हणजे काय, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं: "कपाट. उंदीर न लागणारं." पण या कपाटात पहिली अडचण रंगाची आली. विषाच्या बाटलीवर चौकट असते आणि तिच्यात रंगाचा त्रिकोण. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ही सोय. नानांनी सगळी रचना या चार रंगांवर केली. दोन महिने खपून पहिला पडदा तयार केला, मला वर बोलावलं, झाकण काढलं. डाळ मिलचा पडदा एकाच रंगाचा होता. काळ्यावर हिरवा. त्या संध्याकाळी खानदेशातली सगळी विषं हिरवी दिसत होती. अक्का दारातून म्हणाल्या, "चला, सगळं सुरक्षित झालं."

रंग गेले तेव्हा प्रश्न आले. शेतकऱ्याने खुर्चीवर बसायचं, संगणक एकेक प्रश्न विचारणार, उत्तराचा आकडा दाबायचा, शेवटी योग्य नाव पडद्यावर येणार. कल्पना चांगली होती. प्रश्न सत्तावीस होते. पीक कोणतं, कीड कोणती, वारा कोणत्या दिशेचा, विहीर किती पावलांवर, फवारताना तंबाखू खाता का, घरात लहान मुलं किती. मराठी अक्षरं त्या यंत्रात नव्हती, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. ते इंग्रजी येणाऱ्याला कळत नसे आणि मराठी येणाऱ्याला वाचता येत नसे. गावाकडचे दोघे जण बाजाराच्या दिवशी आले होते. त्यातल्या थोरल्याच्या पिकावर अळी पडली होती, तो एकोणिसाव्या प्रश्नाशी उठला. "नाना, तवरोक अयी सगया कापूस खाऊन जाईन ना." दुसऱ्याने लहान मुलांच्या प्रश्नाला तीन सांगून ठेवली, प्रत्यक्षात त्याला दोन होती. बाहेर आल्यावर मला म्हणाला, रेशनचं काही असेल तर बुडायला नको. सुकदेवलाही एकदा बसवलं. पाचव्या प्रश्नावर तो हात मांडीवर ठेवून म्हणाला, "तुमचं मशीन मलेच विचारते. मले ठावं असतं तं मी कायले आलो असतो?"

हे वाक्य नानांना लागलं. दोन दिवसांनी त्यांनी सत्तावीस प्रश्न पुसले आणि दोन ठेवले: पीक आणि कीड. त्यानंतर यंत्र काही विचारणार नाही, नुसती यादी देणार. यादीचा क्रम मात्र त्यांनी खात्याच्या शिस्तीने लावला. धोक्याची सूचना नेहमी आधी द्यायची असते, म्हणून सर्वांत जहाल विष सर्वांत वर, आणि सौम्य होत होत सर्वांत निर्धोक ते तळाशी. तळाला टीप: 'वरील यादी सर्वाधिक विषारी नावापासून सुरू होते. शक्यतो खालच्या नावांतून निवड करावी.' कापसाच्या यादीत तीस नावं होती. ती छापणाऱ्या यंत्राच्या आवाजाने सबंध घर थरथरलं. कागद हातात घेऊन नाना खाली आले. "पत्रकार, हे छापा. संगणकापर्यंत शेतकरी येत नाही. पेपर त्याच्यापर्यंत जातो."

शेतीचं साप्ताहिक पान माझ्याकडे होतं. ते सोमवारी दुपारी लागायचं. मी यादी जुळवायला दिली. मथळा नानांनी दिला होता: 'कापसावरील कीटकनाशकांची विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने यादी'. दोन कॉलमांत तो बसेना. मी केला: 'कापसावरील कीटकनाशकांची यादी'. मग जाहिरात विभागातून एक जाहिरात आली, उशिरा आली आणि मोठी आली. ती फवारणी पंपाची होती. जागा करणं भाग होतं. वृत्तपत्राच्या टेबलावर पहिल्या दिवशी जे शिकवतात ते एवढंच, की मजकूर जास्त झाला तर खालून कापायचा. महत्त्वाचं वर असतं, म्हणून खालचं गेलं तरी बिघडत नाही. मी ब्लेड घेतलं, पंधराव्या नावाखाली पट्टी ठेवली आणि कापलं. सौम्य पंधरा नावं आणि टीप कचऱ्याच्या टोपलीत गेली. पान वेळेत गेलं. माझ्या नोकरीतल्या नीट लागलेल्या पानांपैकी ते एक होतं.

मंगळवारी सकाळी नाना पेपर घेऊन खाली आले. चपला न घालता आले होते.

"टीप कुठाय?"

"जागा नव्हती."

"खालची पंधरा?"

"तीपण."

यादीवर त्यांनी बोट ठेवलं आणि वरून खाली नेलं, मग एकदा खालून वर. "पत्रकार," ते म्हणाले, "जूनमध्ये तुम्ही बोर्डाच्या परीक्षेची गुणवत्ता यादी छापता. त्यात वर कोण असतो?"

मला सांगायची गरज पडली नाही. पंधरा जहाल विषं, त्यांच्या जहालपणाच्या क्रमाने, वर नानांचं नाव 'संकलन' म्हणून, खाली पंपाची जाहिरात. ज्याने यादी वाचली त्याने ती आमच्याच वृत्तपत्राने शिकवल्याप्रमाणे वाचली असणार. मी म्हणालो, पुढच्या मंगळवारी शुद्धिपत्र देऊ. शुद्धिपत्र वाचकांच्या नजरेस पडू नये म्हणून जिथे छापतात तिथेच ते नंतर छापलं गेलं. नाना तेवढं थांबणार नव्हते. सगळी यादी आणि टीप त्यांनी यंत्रावर पुन्हा काढली, वीज जाण्याआधी जेवढ्या प्रती निघाल्या तेवढ्या पिशवीत घातल्या. मी कचेरीत रजेची चिठ्ठी पाठवली आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. भुसावळला तीन दुकानं झाली. दोन दुकानांत आमचं कात्रण आधीच काउंटरच्या काचेखाली लागलं होतं. एका दुकानदाराने कौतुकाने सांगितलं, "नाना, सकाळपासून पहिल्या दोन नावांना मागणी आहे. तुम्ही आधी का नाही लिहिलं?" नानांनी काच उचलून कात्रण काढलं, त्याची घडी केली आणि तिथे नवा कागद ठेवला. हात स्थिर होते. मी पाहिले.

दुपारी गावात पोचलो तेव्हा सुकदेवच्या अंगणात माणसं जमलेली होती आणि सुकदेव नव्हता. तासाभरापूर्वी त्याला जीपमध्ये घालून जळगावला नेलं होतं. सकाळी पेपर आल्यावर तो दुकानात गेला होता आणि लगेच शेतात. नानांची भावजय रडत नव्हती, बादलीत त्याचे कपडे भिजवत होती. म्हणाली, "पेपरात तुमचं नाव पाहून इतके खूश झाले. म्हने आता नानाचं ऐकतोच." भिंतीशी पंप उभा होता आणि त्याच्याशेजारी नवी बाटली. तिच्यावर लाल त्रिकोण. आमच्या यादीतलं पहिलं नाव.

परतीच्या एसटीत नाना खिडकीकडे बसले. दीपनगरच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी विजेचा विषय काढला नाही. म्हणाले, "त्याच्या पाठीवर पहिला पंप मीच बांधला. प्रात्यक्षिक होतं. वरून साहेब आले होते. गावातला एकही तयार होईना, म्हणून मी घरचा माणूस घेतला. तोंडाला रुमालसुद्धा नव्हता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तुमच्या पेपरात फोटो आला होता. तेव्हा जागा होती." इतक्या वर्षांत त्यांनी मला मारलेला एवढा एकच टोमणा. तो खालून कापण्यासारखा नव्हता.

सिव्हिलमध्ये सुकदेवला इंजेक्शनं देऊन ठेवलं होतं. दोन दिवस तो कोणाला ओळखत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले, पायथ्याशी बसलेल्या नानांना पाहिलं आणि अपराधी चेहरा केला. "नाना, यंदा तुमचं ऐकलं ना मी. पह्यलं व्हतं तेच आनलं." नाना म्हणाले, "हो. तू बरोबर केलंस." मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चूक कोणाची, हे सुकदेवला त्यांनी त्या दिवशीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. व्हरांड्यात मात्र मला म्हणाले, "चुकलं तुमचं नाही. सुकदेवचं तर नाहीच. वापरणारा वरून वाचणार आणि तुम्ही खालून कापणार, हे ठाऊक असायला हवं होतं. माणसं जशी आहेत तशी धरून रचना करायची असते. मी ती खात्याच्या साहेबांसाठी केली."

पुढचा महिनाभर नाना यंत्रापुढे होते. शेवटी एका दुपारी त्यांनी नवी यादी आणून दिली. कापसाच्या तीस नावांतली आता फक्त तीन होती. सर्वांत सौम्य सर्वांत वर, पहिलं लिंबोळीचा अर्क. सूचना सगळ्यांच्या आधी, मथळ्यातच. खाली नुसता एक मजकूर होता, त्यात संकलकाचं नाव, पत्ता आणि 'अधिक माहितीसाठी भेटा' वगैरे. "आता कापा," ते म्हणाले. "खालून कुठूनही कापा. कुठेही कापली तरी कोणी मरणार नाही अशी केलीय." ती मी पूर्ण छापली. खालची चार ओळींची जागा त्या दिवशी शिल्लक होती. पुढे दर हंगामाला ती छापली आणि एकदाही जशीच्या तशी राहिली नाही. कधी पत्ता गेला, कधी 'भेटा' गेलं, एकदा तिसरं नावसुद्धा गेलं. नाना पेपर पाहून मान डोलवायचे. आपली रचना कापली जाताना पाहून समाधान पावणारा लेखक मी दुसरा पाहिलेला नाही.

डेटाबेस पूर्ण झाला नाही. केळी राहिली, मिरची अर्धवट राहिली. वापरायला एकूण किती माणसं आली, हे नानांनी एका वहीत उभ्या रेघांनी लिहून ठेवलं होतं. त्यातल्या बऱ्याच रेघा सुकदेवच्या होत्या. तो बाजाराला आला की पाय धुऊन वर जायचा, खुर्चीवर बसायचा, डाव्या हाताने दोन आकडे दाबायचा, तीन नावं आली की म्हणायचा, "तीच हायेत." नाना म्हणायचे, "तीच राहणार." मग दोघं चहा प्यायचे. सुकदेव कप दोन्ही हातांनी धरायचा. नानाही दोन्ही हातांनी धरायचे. त्यांचा हात चांगला होता.

पुढे दशकाच्या शेवटाला नाना गेले. हृदयविकार, दोन दिवसांत. मी तेव्हा पानावरच होतो. बातमी मी लिहिली, आणि आयुष्यात एकदाच शिकवलेल्या पद्धतीविरुद्ध लिहिली. कपाशीचा हंगाम तोंडावर होता, म्हणून सुरुवातीला सूचना घातली, मग तीन नावं, मग ती कोणी काढली, आणि शेवटच्या ओळीत ते गेल्याचं. त्या दिवशी पान लावायला दुसरा उपसंपादक होता. त्याला जागा कमी पडली. त्याने जे करायला हवं तेच केलं. सकाळच्या अंकात यादी होती, नाना नव्हते. मी अक्कांकडे वर गेलो. त्यांनी अंक आधीच पाहिला होता. संगणकावरचं झाकण त्या झटकत होत्या. म्हणाल्या, "यादी आली ना? मग झालं. त्यांना तेच हवं होतं." आणि मग पाठमोऱ्या होऊन, "तरी नाव असतं तर बरं वाटलं असतं."

दहाव्याला मी नानांच्या गावी गेलो. सुकदेवच्या पडवीत फवाऱ्याच्या सामानाचं एक लाकडी कपाट होतं. त्याने ते मला उघडून दाखवलं. आत पंप, रुमाल, हातमोजे, आणि दाराच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेलं ते कात्रण. "नाव नाई आलं नानाचं," तो म्हणाला. मी म्हणालो, जागा नव्हती. त्याने मान डोलवली. जागा नसते हे त्याला पटलं होतं. कात्रणाखाली फळीचा कोरा भाग होता. तिथे पेन्सिलीने दोन अक्षरं काढलेली होती, मोठी, वाकडी, थरथरत्या हाताची.

नाना.